तिसऱ्या दिवसाची भेट

2024 चा जानेवारी. आम्हा आशांचा, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तींचा, संप चालू होता. आदल्या वर्षीच्या संपात मोबदला वाढवायचं कबूल झालं, पण जीआर, म्हणजे सरकारी आदेश, काही निघेना. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. किटची बॅग खुंटीला टांगून मी रोजाने शेवटचा कापूस वेचायला जात होते.

एका पहाटे दार वाजलं. खालच्या आळीतली म्हातारी. "पोऱ्या गार पडी गया व माय. दूध बी पेत नही."

नातू पाच दिवसांचा. जन्माचं वजन 2 किलो 100 ग्रॅम. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी आशाने घरी जाऊन बाळाला बघायचं असतं. ती भेट मी केली नव्हती. संप होता ना.

बॅग उचलली. बाळाचं पोट हाताला गार, पाय तर बर्फ. काखेत थर्मामीटर लावला, 94.6 फॅरनहाइट. छातीचा भाता चाललेला. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट श्वास मोजले, 66. पुन्हा मोजलं, 64. साठ किंवा वर म्हणजे दवाखाना. आमचं मॉड्यूल सहा आणि सातचं प्रशिक्षण पाच-पाच दिवसांच्या चार टप्प्यांत झालं. बाहुलीचा श्वास काय मोजायचा म्हणून आम्ही हसलो, तेव्हा मॅडमनी एकीचं तान्हं बाळच मध्ये आणून ठेवलं. एकीचंही उत्तर दुसरीशी जुळेना! अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, हे त्या दिवशी डोक्यात बसलं.

108 ला फोन लावला. गाडी यायला पाऊण तास. तोवर बाळाला उघडं करून आईच्या छातीशी लावलं, डोक्याला टोपरं घातलं, वरून गोधडी. म्हातारी म्हणाली, काल सांजेला चोळून न्हाऊ घातलं होतं. एवढ्याशा बाळाला एवढ्यात न्हाऊ घालू नका, पुसून घ्या, हे मी तिसऱ्या दिवशी सगळ्यात आधी सांगते. म्हातारीवर काय रागावणार?

जळगावला बाळ अकरा दिवस पेटीत होतं. बाळ घरी आल्यावर मी संप चालू असतानाच त्याच्या घरी जात राहिले. मोर्च्यातल्या बायांना सांगितलं नाही. एकीला कळलं, तर म्हणाली, "मीपण दोन घरी जाते, गप्प बस."

मार्चमध्ये संप मिटला, 5,000 रुपयांची वाढ जाहीर झाली. बेचाळिसाव्या दिवशी झोळीच्या काट्यावर बाळ 2 किलो 900 भरलं. सहा भेटी पुऱ्या केल्या की आशाला 250 रुपये मिळतात. भेटींचा फॉर्म घेऊन गेले तर समोरचा माणूस म्हणाला, "ताई, संपातल्या तारखा कशा टाकता? तुम्ही तर कामावर नव्हता."

त्याचंही चूक नाही म्हणा. आणि तिसऱ्या दिवसाचा रकाना तसाही रिकामाच होता. तो मला खोटा भरता आला असता.

फॉर्म घडी करून बॅगेत ठेवला. अजून तिथेच आहे, काट्याच्या झोळीखाली.