नाव कुणाचं छापतात

मंगळवार, रात्री

आज पान पाचवर भंगारवाल्या काकांचं नाव आलं. वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, दुकानाचा पत्ता, मोंढ्यातली गल्ली, सगळं. ‘बोगस बिलांप्रकरणी व्यापाऱ्याला जीएसटीचा दणका.’ दणका म्हणजे काय, तर कारणे दाखवा नोटीस. ज्याच्याकडून काकांनी माल घेतला त्याने कर भरलाच नाही, त्याचं रजिस्ट्रेशन मागच्या तारखेपासून रद्द झालं, आणि त्या खरेदीवरच्या कराची काकांनी घेतलेली वजावट, म्हणजे क्रेडिट, आता व्याजासकट परत मागतायत. लोखंडाच्या धंद्यात असली नोटीस कुणाला आली नाही ते विचारा. पण बातमीत यातलं काही नाही. बातमीत ‘रॅकेट’ आहे.

अकराच्या सुमारास काका दुकानात आले. रोजच्यासारखा अर्धा चहा. बाबूजींनी पेपर हळूच गल्ल्याखाली सरकवला. सरकवताना काकांनी पाहिलं. मग दोघंही सळईच्या भावावर बोलत राहिले.

मला राग नेमका कशाचा येतोय तेच कळत नाहीये. नाव छापलं याचा? की २०२२ च्या ऑगस्टमध्ये छापलं नाही, त्याचा?

तेव्हा आमच्या जालन्यात स्टीलवाल्यांवर आयकराचे छापे पडले, आणि याच पेपरने आठवडाभर पहिलं पान रंगवलं होतं. गाड्यांवर ‘राहुल वेड्स अंजली’चे स्टिकर लावून वऱ्हाडी बनून आलेले अधिकारी, नोटा मोजायला लागलेले १३ तास, ३९० कोटींचं घबाड. सगळं होतं, फक्त कुणाचं ते नव्हतं. ‘शहरातील बडे स्टील उद्योजक’, बस्स. नंतर आयकर खात्याचं पत्रक निघालं. त्यात जप्त रोकड ५६ कोटींच्या वर आणि दागिने १४ कोटींचे. ते आतल्या पानावर, एका कॉलमात. खातं स्वतःही पत्रकात समूहांची नावं देत नाही, त्यामुळे पेपरची सोयच झाली. मग काकांच्या वेळी ती सोय कुठे गेली?

नाव नसलं की ते सगळ्यांचं होतं. त्या आठवड्यात ‘व्यापारी समाजात खळबळ’ असा मथळा आला आणि माझ्या स्लिपवरचं आडनाव बघून बँकेतला शिपाईसुद्धा गालात हसला. भैयाची बोलणी तेव्हाच चालली होती, आणि त्या लोकांनी... जाऊ दे. पुण्यात कुणाकडे गेलं की अजून ऐकावं लागतं, ‘जालन्याचे का? मग भिंतीत किती आहे?’ आमचं दुकान बारा बाय वीस. भिंतीत ओल आहे.

बरं, काही झालंच नव्हतं असं माझं म्हणणं नाही. एवढी रोकड कुणी दूधवाल्याला द्यायला घरात ठेवत नाही. ज्याचं असेल त्याचं नाव लिहा ना! नाव लिहिलं असतं तर आम्ही सुटलो असतो. एवढंच.

दुपारी संपादकांना पत्र लिहायला बसलो. चार ओळी झाल्यावर वाचून पाहिल्या, तर छापा पडलेल्यांचा वकीलच लिहितोय असं वाटलं. ‘सगळ्यांना एका माळेचे मणी समजू नका’ असं आपण म्हणावं, की समोरचा म्हणणार, बघा, लागलं. ही खरी गोची आहे. गप्प बसलो तर पैसा आमचा, बोललो तरी आमचाच. कागद फाडला.

तसं पेपरचं गणित न कळण्यासारखं नाही. आमच्याकडे बातमी आणणारा आणि जाहिरात आणणारा माणूस एकच. पगार असा नाहीच, जे काय सुटतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. गुढीपाडवा, दिवाळी, वर्धापनदिन, पुढाऱ्यांचे वाढदिवस. पूर्ण पान देणार सळईवाले. काकांनी उभ्या आयुष्यात एकच जाहिरात दिली, काकू गेल्या तेव्हा उठावण्याची. आता त्या बिचाऱ्याने तरी कुणाचं नाव छापावं? मुलांच्या फिया त्यालाही आहेतच.

आणि संध्याकाळी त्याचाच फोन. वर्धापनदिनाची पुरवणी निघतेय, भाऊ, तुमची जाहिरात राहिलीय. मी फोनवर हात ठेवून बाबूजींकडे बघितलं. मला वाटलं, आज तरी नाही म्हणतील.

“दे,” म्हणाले.

“बाबूजी, सकाळी काकांचं वाचलंत ना?”

“वाचलं म्हणूनच म्हणतो, दे.”

मला आधी चीड आली, मग हसूच फुटलं. विम्याचा हप्ता कुणी रागावून चुकवतं का! ते मात्र अगदी गंभीर. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “पाव पान सांग. रंगीत नको. आणि जीएसटीचं पक्कं बिल लागेल म्हणावं.”

मी शब्दन् शब्द सांगितला. तिकडे जरा वेळ नुसती खरखर.

“भाऊ,” तो म्हणाला, “बिलाचं नंतर बघू ना.”