आमची वाटचाल : दोन दिवसांत नखे शिकून होत नाहीत

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या स्टुडिओत नखांचे, म्हणजे कृत्रिम नखे बसवण्याचे, काम शिकण्यासाठी चौकशीला येणारी मुलगी पहिला प्रश्न फीचा विचारते आणि दुसरा सर्टिफिकेटचा. २०१३ साली मीही हेच दोन प्रश्न विचारले होते आणि उत्तरे ऐकून समाधानाने पैसे भरले होते. म्हणून आमच्या व्यवसायाची हकीकत मी त्या चुकीपासूनच सांगायला घेते.

मुंबईतील एका संस्थेत चार दिवसांचा अभ्यासक्रम होता आणि त्याची फी २८,००० रुपये होती. आईने त्यासाठी आपली एक पाटली मोडली. वर्गात आम्ही अठरा जणी होतो आणि टेबले तीन. चार दिवसांत माझ्या हातात ब्रश एकूण अडीच तास आला असेल, तोही बहुतेक वेळ प्लॅस्टिकच्या बोटांवर. खऱ्या माणसाचा हात मिळाला तो शेवटच्या दुपारी, शेजारी बसलेल्या मुलीचा. त्याची चार नखे मी केली आणि पाचवे बाईंनी केले, कारण फोटो त्याच नखाचा काढायचा होता. महालक्ष्मी एक्सप्रेसने परत येताना सोनेरी किनारीचे सर्टिफिकेट चुरगळू नये म्हणून मी रात्रभर ते मांडीवर धरून बसले. घरी आल्यावर वहिनींच्या हातावर लिक्विड आणि पावडर मिसळून बसवायची नखे, म्हणजे अ‍ॅक्रिलिक केले. चौथ्या दिवशी कडांना लिफ्टिंग दिसू लागले, म्हणजे कडा सुटू लागल्या, आणि सहाव्या दिवशी भाकरी थापताना अंगठ्याचे नख परातीतल्या पिठात निघून आले. वहिनी काही बोलल्या नाहीत. आई मात्र परातीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिली, ते मी विसरलेले नाही.

त्यानंतर पुण्यातील एका अनुभवी बाईंकडे मी तीन महिने जाऊन राहिले. त्यांनी पहिले नऊ दिवस ब्रशला हात लावू दिला नाही, फक्त नखे काढायला लावली. जुने अ‍ॅक्रिलिक वरून किती घासायचे, अ‍ॅसिटोनमध्ये किती वेळ ठेवायचे, मऊ झालेला थर कोणत्या कोनातून ढकलायचा आणि कुठे हात थांबवायचा, एवढेच नऊ दिवस चालले. मला तेव्हा त्याचा राग येत असे. पण चुकीच्या पद्धतीने काढले तर स्वतःच्या नखाचे थरही त्याबरोबर सोलून निघतात, आणि नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटरच वाढत असल्यामुळे मुळापासून टोकापर्यंत नवे नख यायला चार ते सहा महिने जातात. आपल्या एका दुपारच्या घाईचे ओझे ग्राहकाला तेवढे महिने वाहावे लागते, हे तिथे माझ्या डोक्यात पक्के बसले.

दहाव्या दिवशी त्यांनी मला कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या केसांचा आठ नंबरचा ब्रश दिला. तो ब्रश आजही माझ्या टेबलावर आहे, आणि आमच्या वर्गात तो मी सोडून कोणी वापरत नाही. लिक्विडमध्ये तो पूर्ण बुडवायचा, वाटीच्या कडेला दोन्ही बाजूंनी पुसायचा, पावडरीत फक्त टोक टेकवायचे आणि मनात तीन मोजायचे. उचललेला बीड, म्हणजे थेंबासारखा गोळा, नखावर ठेवला की तो जागेवर बसून हळूहळू पसरला पाहिजे. त्याच्याभोवती पाण्यासारखी कड दिसली तर लिक्विड जास्त झाले, तो क्युटिकलवर, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर, वाहणार. आणि वरून पिठासारखा कोरडा दिसला तर तो धरणारच नाही. पुढे अ‍ॅपेक्स म्हणजे नखाचा सर्वांत जाड उंचवटा कुठे हवा, सी-कर्व्ह म्हणजे समोरून दिसणारी कमान किती हवी, हे सगळे येते. पण ज्या हाताला बीड साधत नाही त्याला यातले काहीच साधत नाही. ब्रश धुवायचा तोही लिक्विडमध्येच, अ‍ॅसिटोनमध्ये कधीही नाही, आणि टोक जुळवून आडवा ठेवायचा.

२०१५ साली पार्लर चालवण्याचा अनुभव असलेल्या एका मैत्रिणीबरोबर भागीदारीत मी राजारामपुरीत एका खोलीत एक टेबल मांडले. दुसऱ्याच महिन्यात विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या एक काकू आल्या. मुलीचे लग्न ठरले होते आणि लहानपणापासूनच्या नखे खाण्याच्या सवयीमुळे त्यांना विहिणीसमोर हात बाहेर काढायची लाज वाटत होती. त्यांची नखे इतकी आखूड होती की प्लॅस्टिकची टिप बसेना, म्हणून मी नखाखाली साच्यासारखा फॉर्म लावून ती बांधली आणि त्यांनी लग्नात दोन्ही हातांनी खुशाल ओट्या भरल्या. तेव्हापासून दर तिसऱ्या शनिवारी त्या रिफिलला, म्हणजे नख वाढून मोकळी झालेली जागा भरून घ्यायला, येतात. त्यांच्या उजव्या तर्जनीच्या खाली फोडणीचे तेल उडून पडलेला चिंचोक्याएवढा डाग आहे. त्या डागाचे पुढे काम पडले म्हणून तो सांगितला.

२०१७ साली वर्ग सुरू केला. एका बॅचला सहा मुली, तीस दिवस, प्रत्येकीने किमान वीस खऱ्या हातांवर काम करायचे, असा नियम मी पहिल्या दिवसापासून ठेवला.

दुसऱ्याच बॅचमधील एक मुलगी नवव्या दिवशी, म्हणजे नखे काढायला शिकण्याचे दिवस संपायच्या आत, काही न सांगता यायची थांबली. २०१८ च्या दिवाळीत तिने आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून स्वतःचा वर्ग उघडला. जाहिरातीत लिहिले होते : दोन दिवसांत इंटरनॅशनल डिप्लोमा, फी ५,५०० रुपये, किट मोफत. आमची फी तेव्हा २४,००० होती. चौकशीला आलेल्या मुली माझ्यासमोर फोनवर ती जाहिरात उघडून विचारू लागल्या की तिथे दोन दिवसांत होते ते इथे तीस दिवस का लागते. मी समजावून सांगत असे आणि त्या मान डोलावून तिकडे जात. जानेवारीच्या बॅचला दोन मुली आल्या आणि मार्चच्या बॅचला एकही नाही. खोलीचे तीन महिन्यांचे भाडे थकले. त्याच सुमारास माझी भागीदार आपला हिस्सा मागून मोकळी झाली आणि पंधरा दिवसांनी तिकडच्या टेबलावर शिकवताना दिसली. हिशेब चोख झाला होता, तिने माझे पैसे बुडवले नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण मुलींची नावे आणि फोन नंबर लिहिलेली वही तिच्याबरोबर गेली आणि त्याचे दुःख मला अजून आहे.

एका शनिवारी काकू रिफिलला आल्या आणि चष्मा वर करून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्या जाहिरातीत ‘आमच्या विद्यार्थिनीचे काम’ या मथळ्याखाली एका हाताचा फोटो होता. गडद वांगी रंग, बदामी आकार, आणि तर्जनीच्या खाली चिंचोक्याएवढा डाग. काकूंनी आपला हात फोनच्या शेजारी टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “अगं, हा तर माझा हात.” ते काम मी केले होते, फोटो आमच्या टेबलावर काढला होता, आणि ज्या मुलीने तो आपल्या नावावर लावला तिने तेव्हा स्वतःच्या हाताने एकही पूर्ण सेट केलेला नव्हता. काकू स्वतः तिकडे जाऊन आल्या. फोटो दुसऱ्या दिवशी उतरला, पण जाहिरात तशीच राहिली.

लग्नसराईत त्या वर्गात नखे केलेल्या मुली दुरुस्तीसाठी आमच्याकडे येऊ लागल्या. त्यातल्या एका नवरीची आठवण मी वर्गात मुद्दाम सांगते. हळदीच्या आदल्या दिवशी गाडीच्या दारात तिचे बोट अडकले. नीट केलेले अ‍ॅक्रिलिक अशा वेळी बहुधा स्वतः तुटते आणि खालचे नख वाचते. तिचे अ‍ॅक्रिलिक तुटले नाही, त्याने खालचे नखच अर्ध्यातून उपटले. उरलेली नखे काढायला मी ती अ‍ॅसिटोनमध्ये ठेवली. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला, तरी थर मऊ होईना. तेव्हा मला खात्री पटली की हे एमएमए, म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेटचे लिक्विड आहे. चांगल्या लिक्विडमध्ये ईएमए म्हणजे इथाइल मेथाक्रिलेट असते आणि ते अ‍ॅसिटोनमध्ये वीस मिनिटांच्या आगेमागे सुटू लागते. एमएमए स्वस्त असते, दगडासारखे घट्ट होते, त्याचा वास डोक्यात जातो आणि ते पकडावे म्हणून नख खरखरीत होईपर्यंत घासावे लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शुद्ध एमएमए असलेल्या नखांच्या मालाविरुद्ध १९७० च्या दशकातच कारवाई केली होती. आपल्याकडे ते लेबल नसलेल्या कॅनमधून येते आणि मोफत किटच्या छोट्या बाटल्यांत भरले जाते. ती नखे मी अ‍ॅसिटोनवर न सोडता ई-फाइलने, म्हणजे घासायच्या विजेच्या यंत्राने, एकेक थर उतरवून काढली. तीन तास लागले आणि नवरीकडून मी पैसे घेतले नाहीत.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली आणि इचलकरंजीच्या मुली येऊ शकल्या नाहीत आणि ती बॅच बुडाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. जूनच्या अखेरीस राज्यात सलून उघडायला परवानगी मिळाली तेव्हा केस कापणे, रंगवणे, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग यांचीच नावे यादीत होती. नखांचा उल्लेख नव्हता. काकूंनी त्या काळात घरून सहा रिफिलचे पैसे आगाऊ पाठवले. टेबले विकायची मी ठरवले होते ती त्या पैशांमुळे राहिली. तो दोन दिवसांचा वर्ग टाळेबंदीनंतर पुन्हा उघडला नाही, पण तशाच सर्टिफिकेटांचे वर्ग आता फोनवर चालतात. म्हणून माझी तक्रार एका मुलीपुरती उरलेली नाही.

नखांचे काम करण्यासाठी आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही. कॅलिफोर्नियात मॅनिक्युरिस्टला परवान्याच्या परीक्षेला बसण्याआधी ४०० तासांचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. दोन दिवसांचा वर्ग फार तर बारा तासांचा होतो. परवाना नसल्यामुळे ‘इंटरनॅशनल’ हा शब्द कोणीही छापू शकतो. म्हणून सर्टिफिकेट पाहताना ते कोण देते, परीक्षा कोण घेते आणि ती शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसासमोर होते का, हे विचारावे. सौंदर्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचे मूल्यांकन किंवा सिडेस्कोसारख्या जुन्या आंतरराष्ट्रीय सौंदर्य संस्थेची परीक्षा असेल तर संबंधित संस्थेकडे त्या केंद्राच्या मान्यतेची स्वतः खात्री करून घ्यावी, नुसत्या भिंतीवरच्या फ्रेमवर विसंबू नये.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पैसे भरण्याआधी वर्ग चालू असताना एक दिवस तिथे बसून यावे. बसू देत नसतील तर त्याचा अर्थ स्पष्ट आहे. मुली किती आणि टेबले किती ते मोजावे, आणि आपल्या वाट्याला खरे हात किती येतील ते आकड्यात विचारावे. शिकवणाऱ्या बाई आजही ग्राहक करतात का, हे पाहावे, आणि त्यांचे ताजे काम न पाहता तीन आठवडे झालेले काम पाहायला मागावे, कारण पहिल्या दिवशी सगळीच नखे सुंदर दिसतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात, हवा दमट असताना, तीन आठवडे टिकलेले काम हाच शिक्षिकेचा खरा दाखला असतो.

बाटल्यांची लेबले वाचावीत. जेलमध्ये, म्हणजे दिव्याखाली घट्ट करायच्या लेपात, बहुधा हेमा नावाचे द्रव्य असते. न सुकलेले जेल वारंवार कातडीला लागले तर त्याची अ‍ॅलर्जी जडते आणि ती सहसा आयुष्यभर जात नाही. दातांच्या उपचारांतही त्याच जातीची द्रव्ये वापरतात, त्यामुळे नखांपाशी जडलेली अ‍ॅलर्जी दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीतही आड येऊ शकते. युरोपीय संघाने हेमा असलेला माल व्यावसायिकांनीच वापरायचा असे बंधन घातले आहे, आणि जेल सुकवण्यासाठी वापरले जाणारे टीपीओ नावाचे रसायन १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे बंदच केले आहे. ज्या वर्गात या दोन नावांचा उच्चारही होत नाही तिथे रसायन शिकवले जात नाही. दिव्याचेही तसेच आहे. बहुतेक एलईडी दिवे ३६५ आणि ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे असतात, पण प्रत्येक जेलला त्याच्या कंपनीने सांगितलेला दिवा आणि वेळ लागतो. वरून घट्ट आणि आतून कच्चे राहिलेले जेल सर्वांत धोक्याचे असते. ई-फाइलच्या यंत्रावर मिनिटाला ३५,००० फेऱ्यांपर्यंतचा आकडा असला तरी क्युटिकलपाशी तेवढा वेग लावायचा नसतो. खऱ्या नखावर १८० ग्रिटपेक्षा खरखरीत (आकडा जितका लहान तितकी जास्त खरखरीत) फाइल फिरवणाऱ्या वर्गातून उठून यावे.

आज आमच्याकडे चार टेबले आहेत. बॅच अजून सहाचीच आहे आणि दिवस तीसच. प्रत्येक बॅचच्या शेवटच्या शनिवारी काकू परीक्षेसाठी आपला हात देतात. मागच्या वेळी गडहिंग्लजच्या मुलीने त्यांचा जुना सेट उतरवला. तिला पन्नास मिनिटे लागली आणि एकाही नखावर ओरखडा राहिला नाही. काकूंनी हात खिडकीच्या उजेडात धरून दहाही नखे एकेक करून पाहिली आणि पुढच्या तिसऱ्या शनिवारच्या वहीत माझे नाव खोडून त्या मुलीचे लिहिले.