तबल्यामागून ऐकलेला संशयकल्लोळ

प्रेक्षक कसे असतात हे मला विचारू नका, कारण मी त्यांना फारसं बघितलेलंच नाही. आमची जागा रंगमंचाच्या खाली, पहिल्या रांगेच्या पुढे डाव्या अंगाला. ऑर्गनवाला आणि तबल्यावर मी. तोंड स्टेजकडे, पाठ पब्लिककडे. त्यामुळे गेली काही वर्षं मी प्रेक्षक नुसते ऐकतोय. खोकला, वेफर्सचं पाकीट, मांडीवर चुकीचा ताल देणारे काका, "अगं हळू बोल" असं तिच्यापेक्षा मोठ्याने सांगणारे नवरे. पाठीला कान फुटतात म्हणतात ना, तसं झालंय.

आमची हौशी मंडळी, नाव नाही लिहीत, उगाच जाहिरात व्हायची. संगीत संशयकल्लोळ घेऊन फिरतो. एक बस, एक टेम्पो, चौदा-पंधरा माणसं आणि कपडेपटाच्या दोन ट्रंका, ज्यांच्यापैकी एकीचं कुलूप कायम अडकतं. ज्यांना नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो, बायको कृत्तिका नवऱ्यावर, तिकडे आश्विनशेठ रेवतीवर, आणि या सगळ्याच्या मुळाशी एक तसबीर, जी भलत्याच माणसाच्या हातात पडते. गोविंद बल्लाळ देवलांनी हे आधी गद्य लिहिलं होतं, फाल्गुनराव नावाने, १८९३ च्या सुमाराला, मग त्यात पदं घातली आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत रूपात आणलं, पण ते बघायला देवल राहिले नाहीत, त्याच वर्षी गेले. मूळ गोष्ट त्याहून कितीतरी जुनी, मोलिएरचं फ्रेंच नाटक, त्यावरून मर्फीचं इंग्रजी, त्यावरून आपलं. म्हणजे साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ लोक एकाच मूर्ख नवऱ्याला हसतायत.

तर मुद्दा असा की या नाटकाला एक प्रेक्षक नसतो, दोन असतात, आणि ते एकमेकांना खपवून घेत नाहीत. आमच्यात त्यांना नावं आहेत, माना डोलवणारे आणि खुर्च्या हलवणारे. माना डोलवणारे पदांसाठी येतात. मृगनयना हे पद कधी येणार, सुकांत चंद्रानना कोण गातोय, त्याला तान झेपेल का. गद्य चालू असतं तेव्हा ते घड्याळ बघतात. खुर्च्या हलवणारे फाल्गुनरावासाठी आणि त्याच्या नोकरासाठी, भादव्यासाठी, येतात, आणि आश्विनशेठने आ लावला की त्यांना एकदम तहान लागते, बाथरूम आठवते, मोबाईल आठवतो. एक गट हसला की दुसरा शुक् शुक् करतो. एक गट वन्स मोअर म्हणाला की दुसऱ्यातून कुणीतरी "आता बास की" असं पुटपुटतं. मला दोन्ही ऐकू येतं.

मी अर्थात माना डोलवणाऱ्यांच्या बाजूचा, तबलजीच तो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मला वाटायचं की विनोद म्हणजे दोन पदांच्या मधली जागा, तेवढ्यात हातोडी काढून तबला सुरात घ्यायचा. हे खरंय बरं का, हशा मोठा असला की त्याच्या आडून ठोकाठोक करून घेता येते, कुणाला कळत नाही. कोकणात दमट हवेने पुडी, म्हणजे तबल्याचं चामडं, सुरात उतरते, एसी हॉलमध्ये चढते, त्यामुळे मला कुठला विनोद कुठे किती सेकंद चालतो हे पाठ आहे. तसबीर पाहून फाल्गुनराव दचकतो तिथे मला चार ठोके मिळतात. भादव्याच्या एन्ट्रीला सहा. पुण्यात मात्र एकदोनच, कारण पुण्यात हसतात पण आवाज करत नाहीत.

पुण्याचं सांगतोच. रविवार दुपार, बालगंधर्व, जेवून आलेली मंडळी, सरासरी वय विचारू नका. मध्यंतरात बटाटावडा खायला जायच्या आधी किमान तीन जण माझ्यापाशी येऊन जाणार हे ठरलेलं. एक म्हणणार मृगनयनाची लय जरा चढी झाली. दुसरे म्हणणार आम्ही वसंतराव देशपांड्यांचं ऐकलंय हो, आणि मग पुढे काहीच बोलणार नाहीत, नुसते बघत राहणार, म्हणजे आपणच काय ते समजून घ्यायचं. तिसरे चांगले असतात, ते विचारतात बाळ चहा घेतलास का. मी पन्नाशीला आलोय.

पण याच लोकांची एक गंमत आहे. पद सुरू व्हायच्या आधी, ऑर्गनचा पहिला सूर निघतो ना, तेव्हा मागे एक श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. सगळ्या हॉलचा एकदम. मग आमच्या आश्विनशेठच्या आधी अर्धा सेकंद पहिल्या रांगेतल्या कुणी आजी पहिला शब्द म्हणून टाकतात, हळूच. दरवेळी. आमचा गायक त्यावर चिडायचा आधी, आता म्हणतो सूर मिळवायला बरं पडतं.

वन्स मोअरचं तंत्र बाहेरच्यांना माहीत नसतं. नुसतं कुणी ओरडलं म्हणून पुन्हा गाता येत नाही. गायक ऑर्गनवाल्याकडे बघतो, ऑर्गनवाला सूर धरून ठेवतो, मी घड्याळाकडे बघतो. पूर्वी म्हणे रात्रभर चालायची नाटकं, एकेक पद तीनचार वेळा व्हायचं, पहाट झाली तरी चालायचं. आता साडेपाचचा प्रयोग असेल तर रात्री साडेनवाला दुसऱ्याचा असतो, त्यांचं नेपथ्य मागच्या दाराशी येऊन उभं असतं. त्यामुळे आमच्याकडे एका प्रयोगात दोन वन्स मोअर, तिसरा आला तर गायक नमस्कार करतो आणि लोक हळहळतात. एकदा एका गावात, नाव नको, हॉलच्या माणसाने वन्स मोअर चालू असताना मेन लाईट लावले होते. आमचा आश्विनशेठ तसाच गात राहिला आणि लोक उजेडात माना डोलवत राहिले. त्यादिवशी मी जरा जास्तच वाजवलं.

सांगलीला आम्हाला भीती वाटते. विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर १८४३ साली तिथलं, नाट्यपंढरी म्हणतात, आणि देवल तर पलीकडच्या हरिपूरचे. म्हणजे आपण सासरी जाऊन सासूच्याच रेसिपीची आमटी करतोय. पहिल्या अंकात गार. ना हशा, ना वाहवा. ऑर्गनवाला मला डोळ्यांनी विचारतोय काय झालं. मग नाटकात भादव्या एक वाक्य गाळून पुढे गेला आणि मागून कुणीतरी ते गाळलेलं वाक्य मोठ्याने म्हटलं. अक्षरशः प्रॉम्प्टिंग. हॉल फुटला. भादव्याने वळून त्या दिशेला हात जोडले, वाक्य म्हटलं, आणि त्यानंतर जो प्रयोग रंगला तो रंगलाच. नंतर कळलं की ते गृहस्थ स्वतः तरुणपणी भादव्या करायचे. चहाला थांबले होते आमच्यासोबत, भादव्याला म्हणाले "तू पळतोस फार. भादव्या आळशी हाय, पळत न्हाई." पुढच्या प्रयोगापासून आमचा भादव्या चालायला लागला आणि हशा दुप्पट झाला. मला सहाऐवजी नऊ ठोके.

गोव्यात जत्रेला केलं होतं एकदा. देवळापुढे मांडव, पालखी झाल्याशिवाय नाटक सुरू होत नाही, म्हणजे रात्रीचे अकरा कुठेच गेले नाहीत. तिकडे गावोगावचे लोक स्वतः संगीत नाटकं बसवतात, दुकानदार, मास्तर, बँकेतले, सगळे गातात, त्यामुळे प्रेक्षकात अर्धे लोक आपल्यापेक्षा बरे गाणारे असू शकतात ही धाकधूक. पण ते फार प्रेमाने ऐकतात. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मांडवभर हात एकदम खाली येतात, मागे न बघता कळतं, वाऱ्यासारखं जाणवतं. मला आयुष्यात इतकी सुरक्षित सम कधी मिळाली नव्हती. शिवाय पहाटे तीनला खाजे खाल्ले, ते वेगळंच.

कॉलेजच्या पोरांपुढचा प्रयोग पण सांगायचाय. मध्यंतरी प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी हे नाटक केल्यावर तरुण मुलं यायला लागली, आमच्यासारख्यांनाही त्याचा फायदा झाला. ही मुलं भाषेला हसतात आधी. जुनं मराठी, लांबलचक आर्जवं. आम्हाला वाटलं वाट लागणार. आणि मग तसबिरीचा प्रसंग आला, नवरा बायकोच्या हातात परक्या पुरुषाचं चित्र बघतो, आणि नेमका तेव्हाच हॉलमध्ये कुणाचातरी फोन वाजला, आणि एक मुलगा कुजबुजला, त्याला वाटलं असेल हळू, "अगं कुणी नाही, ऑफिसमधलं आहे." दोन सेकंद शांतता. मग असा काही हशा उठला की फाल्गुनरावाला वाक्यच टाकता येईना, तो तसाच तसबीर बघत उभा, मग त्याने सावकाश मान वळवून प्रेक्षकात बघितलं, एक भुवई उचलली. बस. मी त्या हशात तबला पूर्ण लावून घेतला, डग्गा पुसला, पाणी प्यायलो, तरी चालूच होता. पुढच्या पदाला मात्र त्या पोरांनी मोबाईलचे टॉर्च लावून हलवले, म्हणजे पसंती होती ती, पण आमच्या रेवतीच्या डोळ्यात उजेड गेला आणि ती अंतरा विसरली. दुसऱ्यांदा मुखडाच घेतला. त्यांना वाटलं अशीच चाल आहे.

पण विनोदाबद्दलचं माझं मत बदललं ते यापैकी कुठेच नाही, ते बदललं बार्शीच्या बाजूला एका गावात, शाळेच्या मैदानावर. कुणाच्यातरी स्मृतिदिनाचा कार्यक्रम होता, फुकट, त्यामुळे सगळं गाव. पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्या, त्यामागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेले लोक. आमच्यातल्या गायकांचे चेहरे पडलेले. इथे मृगनयना? दरबारी रागात?

पहिल्या पदाला खरंच लोक उठले. भेळवाल्याकडे गेले. पोरं तानेची नक्कल करायला लागली, आ आ आ करत, एकाला मास्तरांनी फटका दिला. मी मनात म्हटलं झालं, आज नुसतं उरकायचं. मग गद्य आलं आणि मैदान हळूहळू पुढे सरकायला लागलं. कृत्तिका तसबीर बघत उभी, मागून फाल्गुनराव चोरपावलांनी येतोय, आणि बायकांच्या बाजूने आवाज, "आगं मागं बघ, मागं! आलाय त्यो!" दुसरी, "फोटू लपीव!" आमच्या कृत्तिकेने खरंच पदराखाली लपवायला हात नेला, मग लक्षात आलं असेल की तसं नाटकात नाही, परत काढला. त्यावर आणखी गोंधळ. म्हणजे पुण्यात जे लोक मनातल्या मनात म्हणत होते ते इथे मोठ्याने चाललं होतं एवढंच.

आणि त्या हसण्याच्या उतारावर, अजून लोक डोळे पुसतायत, तेवढ्यात ऑर्गनने सूर दिला आणि आश्विनशेठने मृगनयना उचललं. कुणी उठलं नाही. ट्रॉलीतलं कुणी उठलं नाही. मी ठेका देत होतो आणि पाठीमागे इतकी शांतता की मला डग्ग्याची घुमक मैदानाच्या भिंतीवरून परत येताना ऐकू येत होती. हसून हसून सैल पडलेली माणसं गाणं किती सहज आत घेतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी इतकी वर्षं ज्याला मधली जागा समजत होतो ती देवलांनी मुद्दाम तिथे ठेवली होती की काय, कुणास ठाऊक. नसेलही. पण माझा ठेका त्या दिवसापासून बदललाय, आता मी गद्यात हातोडी घेत नाही शक्यतो, ऐकतो.

पद संपल्यावर वन्स मोअर आला नाही, तो शब्दच तिथे नव्हता. एक माणूस उठून म्हणाला "पाव्हणं, परत म्हणा ते." आणि एका पोराच्या हाती पन्नासची नोट स्टेजवर पाठवली, तमाशात देतात तशी. आमचा आश्विनशेठ, शास्त्रीय संगीतात विशारद झालेला माणूस, नोट हातात घेऊन लालबुंद. घ्यावी की नाही कळेना. शेवटी ऑर्गनवर ठेवली आणि पद पुन्हा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा म्हटलेलं पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं झालं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. नोटेचा चहा प्यायलो सगळ्यांनी, थोडे वरून घालावे लागले.

प्रयोगानंतर शाळेच्या वर्गात मेकअप उतरवत होतो. एक म्हातारी काठी टेकत आत आली, कुणी अडवलं नाही. सगळ्यांकडे बघितलं आणि बरोबर फाल्गुनरावापुढे येऊन उभी राहिली. त्याची अर्धी मिशी निघालेली, अर्धी तशीच.

"लेका, बायकोवर आसा संशय घेऊ न्हाई."

"नाही घेणार आजी," तो म्हणाला. "शेवटी कळलं ना मला."

"मेल्यानं आमच्या बी आसंच म्हटलं हुतं," म्हातारी म्हणाली, आणि कृत्तिकेच्या गालावरून हात फिरवून निघून गेली.