पेज पीत पीत ‘रुचिरा’

मंगळवार, रात्र

खालची अक्कलदाढ काल एकदाची निघाली. आडवी होती, हाडात रुतलेली. हिरडी कापून, तुकडे करून काढावी लागली. गाल सुजलाय. सूचनांचा कागद फ्रिजवर लावलाय: गरम नको, तिखट नको, चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉ तर अजिबातच नाही. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तिच्याखाली हाड झाकलेलं राहतं. ओढून प्यायलं तर ती निसटते आणि मग जी कळ लागते तिच्यापुढे दाढदुखी परवडली, असं डॉक्टरांनी बजावलंय. तेव्हा गार पेज. मध्ये मध्ये आइस्क्रीम.

बोलायचं नाही, ही यातली खरी चैन. फोन वाजला की बायको परस्पर निकाल लावते.

उशाशी दोन जाडजूड कादंबऱ्या घेतल्या होत्या, ‘सवडीनं वाचू’ म्हणून कधीच्या बाजूला ठेवलेल्या. गोळीच्या गुंगीत एकीचंही पान पुढे सरकेना. बर्फ आणायला स्वयंपाकघरात गेलो आणि फळीवरची आईची ‘रुचिरा’ घेऊन आलो.

कमलाबाई ओगल्यांचं हे पाककृतींचं पुस्तक १९७० सालचं. आमच्या प्रतीला कव्हर उरलेलं नाही, पानं तेलकट, समासात आईच्या पेन्सिलीनं ‘गूळ जास्त होतो’ वगैरे शेरे. आजीचा सगळा कारभार अंदाजाचा, ‘हाताला कळतं’ म्हणायची. ज्यांच्या हाताला कळत नव्हतं, त्यांच्यासाठी ओगलेबाईंनी वाटी-चमच्याची मापं दिली. मला ते फार सज्जनपणाचं वाटतं.

दुपारभर अनारशात रमलो. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, निथळून, वाळवून दमट असतानाच कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवत ठेवायचं. एवढं होऊनही तळताना अनारसा तुपात हसणार, म्हणजे फुटून पसरणार, की नाही, याची खात्री नाहीच. खसखशीची बाजू वर ठेवायची आणि उलटायचा नाही. दिवाळीत आई या पायरीला कोणाला बोलू देत नाही, ते आठवलं. रहस्यकथेत तरी शेवटी खुनी सापडतो!

करायचं नाही, खाता तर येतच नाही. म्हणूनच बहुधा इतकं निवांत वाचता आलं. एरवी हे पुस्तक उघडतो ते गॅसवर काहीतरी चढलेलं असताना, एक डोळा कढईवर ठेवून. आज सामानाची यादीसुद्धा चवीनं वाचली. धने, जिरे, दगडफूल. तोंडाला पाणी सुटलं की टाक्यांशी चुणचुणतं, तेवढंच काय ते.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, “बरा झालास की यातलं काय करणारेस?”

कागदावर लिहिलं, ‘काही नाही. नुसतं वाचतोय.’

आईनं तो कागद वाचला आणि पुस्तकच उचलून नेलं. तिला म्हणे भाजणीचं प्रमाण बघायचं होतं.