ठाण्याएवढ्या देशाचा फुटबॉल

२०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिका हद्दीची लोकसंख्या साधारण १८ लाख ४१ हजार भरली होती. उत्तर मॅसिडोनियाने २०२१ मध्ये शिरगणती केली, तेव्हा अख्ख्या देशात १८ लाख ३७ हजारांच्या आसपास माणसे निघाली. म्हणजे कोपरीपासून गायमुखपर्यंत आणि खाडीपलीकडे कळवा, मुंब्रा, दिव्यात राहणाऱ्या लोकांतून अकरा जण निवडायचे आणि त्यांना जर्मनी-इटलीसमोर उभे करायचे, असा हा मामला आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या टर्फवर रात्री उशिरापर्यंत खेळणारी मुले पाहताना हा हिशेब माझ्या डोक्यात हटकून येतो.

१९९१ पर्यंत आजचा उत्तर मॅसिडोनिया, म्हणजे तेव्हाचा मॅसिडोनिया, हे युगोस्लाव्हियातले एक प्रजासत्ताक होते. राजधानी स्कोप्येमधल्या, १९४७ साली स्थापन झालेल्या व्हार्दार क्लबने १९६१ मध्ये युगोस्लाव्ह चषक जिंकला. तो जिंकणारा तो एकमेव मॅसिडोनियन क्लब ठरला. गुणी खेळाडू मात्र युगोस्लाव्हियाची राजधानी बेलग्रेडची वाट धरत. व्हार्दारमध्ये घडलेला दार्को पांचेव्ह असाच तिथल्या रेड स्टार क्लबकडे गेला. २९ मे १९९१ रोजी इटलीतल्या बारी येथे युरोपियन चषकाच्या (आजच्या चॅम्पियन्स लीगच्या) अंतिम सामन्यात फ्रान्सच्या मार्से क्लबविरुद्ध १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही आणि निकाल पेनल्टींवर गेला. रेड स्टारची पाचवी, निर्णायक पेनल्टी पांचेव्हने मारली; त्याचाच देशबंधू इलिया नायदोस्की हाही त्या सामन्यात रेड स्टारकडून खेळला होता. पुढच्या सप्टेंबरात मॅसिडोनियाने सार्वमतात स्वातंत्र्याचा कौल दिला. त्या हंगामात पांचेव्हने लीगमध्ये ३४ गोल केले होते, ते युरोपात सर्वाधिक होते. पण सायप्रसच्या लीगमधील गोलसंख्येवरून वाद होऊन युरोपात सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा ‘गोल्डन बूट’ देणेच थांबले आणि तो त्याच्या हाती पडायला २००६ उजाडले. सरकारी कामाला उगाच नावे ठेवतो आपण!

स्वतंत्र देशाचा पहिला अधिकृत सामना ऑक्टोबर १९९३ मध्ये क्रान्य येथे झाला आणि स्लोव्हेनियाविरुद्ध तो ४-१ असा जिंकलाही. पुढच्या पंचवीस वर्षांत सांगण्यासारखे थोडेच घडले. २००२ मध्ये साउदॅम्प्टनला इंग्लंडशी २-२ अशी बरोबरी झाली, तेव्हा अर्तिम शाकिरीने कॉर्नरवरून थेट गोलजाळ्यात चेंडू घालून इंग्लंडचा गोलरक्षक डेव्हिड सीमनला चकवले होते. दुसरीकडे, निकाल ठरवून खेळल्याबद्दल प्रिलेपच्या पोबेदा क्लबवर युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाने २००९ मध्ये आठ वर्षांची बंदी घातली, हा डागही याच काळातला.

खरे वळण मिळाले ते नेशन्स लीगमुळे. २०१८ मध्ये युएफाने आपल्या ५५ सदस्य देशांची ताकदीनुसार चार श्रेणींत विभागणी केली आणि प्रत्येक श्रेणीसाठी पुढच्या युरो स्पर्धेची, म्हणजे युरोपीय देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेची, एक जागा राखली. मॅसिडोनिया सर्वांत खालच्या ‘ड’ श्रेणीत होता. आर्मेनिया, जिब्राल्टर आणि लिक्टेनस्टाइन असलेल्या गटात सहापैकी पाच सामने जिंकून तो पहिला आला. नेहमीच्या पात्रता फेरीत गटात तिसरा आल्यामुळे एरवी तो घरीच बसला असता, पण या वाटेने त्याने आधी कोसोव्होला हरवले आणि १२ नोव्हेंबर २०२० रोजी तिबिलिसीच्या रिकाम्या स्टेडियममध्ये जॉर्जियालाही १-० ने नमवले. गोल ३७ वर्षांच्या गोरान पांदेव्हचा होता. दुबळ्यांना मागच्या दाराने आत घेतले, अशी टीका तेव्हा झाली. मला ती पटत नाही, कारण चारच महिन्यांनी, ३१ मार्च २०२१ रोजी, याच संघाने डुइसबुर्गमध्ये जर्मनीला २-१ ने हरवले.

युरोमध्ये तिन्ही सामने हरले, तरी ऑस्ट्रियाविरुद्ध पांदेव्हने देशाचा त्या स्पर्धेतला पहिला गोल नोंदवला. पुढे २४ मार्च २०२२ रोजी पालेर्मोमध्ये, विश्वचषकाच्या प्लेऑफमध्ये, युरोविजेत्या इटलीशी गाठ पडली. आपल्याकडे सामना मध्यरात्रीनंतर सव्वा वाजता सुरू झाला. इटलीचे तीसहून अधिक फटके वाया गेले. नव्वद मिनिटे संपल्यावरच्या भरपाई वेळेत अलेक्सांदर त्रायकोव्स्कीने चेंडू छातीवर घेतला आणि गोलक्षेत्राबाहेरूनच जमिनीलगत असा फटका मारला की तो इटलीचा गोलरक्षक डोनारुमाच्या हाताला न लागता कोपऱ्यात गेला. हा त्रायकोव्स्की चार वर्षे पालेर्मो क्लबकडूनच खेळलेला होता, त्यामुळे त्या गोलपोस्टची त्याला सवय असावी. पाच दिवसांनी पोर्तुगालने २-० ने हरवून विश्वचषकाचा रस्ता बंद केला.

चर्चा पालेर्मोची होते. माझे लक्ष मात्र स्ट्रुमिकाकडे जाते. पांदेव्हने २०१० मध्ये इटलीच्या इंटर क्लबकडून लीग, चषक आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदे मिळवली आणि त्याच वर्षी आपल्या या जन्मगावी मुलांसाठी अकादमी काढली. तिच्या संघाने २०१९ मध्ये मॅसिडोनियन चषक जिंकला, तेव्हा अकादमीचा संस्थापक इटलीत अजून खेळतच होता.