टाकीत मासे आधीच आलेत? मग पाणी बदला

नव्या टाकीत मासे असतील आणि कुणी म्हणालं, "ताई, महिनाभर पाण्याला हात लावू नका, सायकल मोडेल," तर ऐकू नका. (सायकल म्हणजे माशांनी सोडलेलं विष जिवाणूंनी टप्प्याटप्प्याने निवळवण्याची साखळी.) मला ऐरोलीत दोन दुकानांत हेच सांगितलं. मी इथल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे आधी मोजून बघायची सवय आहे.

आमचे दोन गोल्डफिश लेकीला एका वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून मिळाले. जिवंत मासे असे वाटू नयेत, हे माझं ठाम मत. टाकी आधी तयार करावी आणि मासे नंतर आणावेत हाच योग्य क्रम, पण पिशवीतले मासे दारात आल्यावर तो पाळायचा कसा? शंभर लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, एअर पंप आणि अँटीक्लोरीन त्याच संध्याकाळी घरात आलं.

मासे विष्ठेतून आणि त्याहून जास्त कल्ल्यांमधून अमोनिया सोडतात. जुन्या टाकीत जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही रसायनं माशांना विषारी असतात, नायट्रेट त्या मानाने सोसवतं. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. ई. कोलाय पोषक परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना निम्मा दिवस ते दिवसभर लागतो. म्हणून टाकी लागायला, म्हणजे हे जिवाणू पुरेसे वाढायला, चार ते सहा आठवडे जातात. पण ते पाण्यात तरंगत नाहीत. स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून थर धरतात. बादलीभर पाणी काढलं तर विष कमी होतं, थर जागेवरच राहतो. आणि मासे अमोनिया सोडतच असतात, त्यामुळे जिवाणू उपाशीही राहत नाहीत.

तेव्हा रोज सकाळी डब्याच्या गडबडीआधी टेस्ट किट. अमोनिया ०.५ पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम) जवळ गेला की एक तृतीयांश पाणी बदलायचं. नव्या पाण्यात अँटीक्लोरीन आधी बादलीतच घालायचं, कारण नळातलं क्लोरीन माशांचे कल्ले आणि जिवाणू दोघांनाही मारक. पाणी नितळ आहे म्हणून निर्धास्त राहू नका, अमोनियाला रंग नसतो.

किटमधला आकडा पीएचशिवाय, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे हे मोजल्याशिवाय, अर्धवट आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: घातक अमोनिया आणि बराच सौम्य अमोनियम. २८ अंशाला पीएच ७ असेल तर घातक रूप शंभरात एक भागसुद्धा नसतं. पीएच ८ झाला की तेच सहा-सात भाग होतं. किटवरचा हिरवा रंग मात्र दोन्ही वेळा तोच!

नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं. माझ्या नळाचं मोजलं तर क्षारता, म्हणजे पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद, कमी निघाली. जिवाणू काम करताना ही क्षारता खातात: एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. ती संपली की पीएच घसरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनियम साचत जातं. अशा वेळी घाबरून एकदम बरंच पाणी बदललं, तर नळाच्या पाण्याने पीएच उसळतो आणि उरलेल्यातला घातक भाग क्षणात कित्येक पटींनी वाढतो. म्हणून थोडं थोडं आणि वारंवार. मी तिसऱ्यांच्या कालवणानंतर उरलेले शिंपले उकळून, वाळवून, कुटून पातळ फडक्यात बांधले आणि फिल्टरजवळ ठेवले. तेही कॅल्शियम कार्बोनेटच. लागेल तसं हळूहळू विरघळतं.

सगळ्यात मोठी मदत शेजारच्या काकांनी केली. त्यांची टाकी जुनी आहे. त्यांनी आपल्या फिल्टरचा एक स्पंज त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून डब्यातून दिला आणि बजावलं, "नळाखाली धुऊ नकोस हो." तो मी आमच्या स्पंजला खेटून बसवला. दुकानात मिळणाऱ्या बाटलीतल्या जिवाणूंपेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे, पण ज्या टाकीत रोग नाही अशाच टाकीतून घ्या.

नायट्राइट वर आलं तेव्हा मीठ कामी आलं. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जातं आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही. मग पाण्यात हवा असूनही मासे वर येऊन धापा टाकतात. मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांपाशीच अडवतं. दहा लिटरला एक ग्रॅम मीठ विरघळवून घातलं, आणि पाणी बदलताना फक्त नव्या पाण्यापुरतं. दाणे दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपतील एवढे. लेक कळवळायची, "आई, भुकेले असतील गं." पण न खाल्लेला दाणा कुजून अमोनियाच होतो.

आता अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आहेत आणि नायट्रेट दिसू लागलंय. पाणी आठवड्यातून एकदा बदलते आणि स्पंज काढलेल्याच पाण्यात हलका पिळते. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप तयार ठेवलाय, कारण जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतोच. गोल्डफिश वाढले की ही टाकी त्यांना पुरणार नाही, म्हणून दिवाळीच्या बोनसमधून मोठी घ्यायची ठरलंय. तेव्हा हाच स्पंज तिकडे जाईल.