स्वप्नात नाक दाबून बघणं: ल्युसिड ड्रीम शिकण्याचा माझा अनुभव

‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी मी. त्यामुळे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे ओळखायचं, म्हणजेच ल्युसिड ड्रीम, ही भानगड मला जमेल यावर माझाच विश्वास नव्हता. स्वप्नं पडतात सगळ्यांनाच, आठवत नाहीत एवढंच. म्हणून सुरुवात आठवण्यापासून.

उशाशी वही-पेन ठेवलं. खरी गोम मात्र वहीत नाही, जाग येते त्या क्षणात आहे. डोळे उघडायचे नाहीत, कूस बदलायची नाही, मोबाईलला तर हातच लावायचा नाही. ‘आज काय काय कामं आहेत’ हा विचार मनात शिरला की स्वप्न गेलंच म्हणून समजा. शेवटचं जे काही डोळ्यांपुढे असेल ते धरून ‘याच्या आधी काय होतं?’ असं विचारत मागे मागे जायचं. सुरुवातीच्या नोंदी बघून आज हसू येतं: ‘जिना. कोणीतरी चिडलंय.’ बस्स. पण रोज लिहीत गेलं की पानं भरायला लागतात. काम कंटाळवाणं आहे आणि पुष्कळजण इथेच सोडून देतात. माझ्या मते मात्र निम्म्याहून जास्त लढाई इथेच जिंकली जाते.

कारण वही चाळताना एक गोष्ट लख्ख दिसली: परीक्षा. शिक्षण संपून जमाना झाला, तरी मी स्वप्नात वर्ग शोधत फिरतेय, नाहीतर अभ्यास इतिहासाचा आणि पेपर गणिताचा. प्रत्येकाच्या स्वप्नांत असं काहीतरी पुन्हापुन्हा येतं. तेच आपलं खुणेचं ठिकाण.

मग ‘मी जागी आहे की स्वप्नात’ याची दिवसा खातरजमा करायची सवय लावली. तोंड मिटून नाक चिमटीत दाबायचं आणि श्वास घेऊन बघायचा. जागेपणी येत नाही. स्वप्नात बहुतेक वेळा येतो, कारण खरं नाक अंथरुणात मोकळंच असतं! दुसरी युक्ती म्हणजे एखादी ओळ वाचून नजर दुसरीकडे वळवायची आणि पुन्हा वाचायची. स्वप्नात अक्षरं बहुधा बदललेली असतात. तासातासाला अलार्म लावून यंत्रासारखं नाक दाबण्यात मात्र काही अर्थ नाही. क्षणभर थांबून ‘मी इथे आले कशी? पाच मिनिटांपूर्वी कुठे होते?’ हे मनापासून विचारलं, तरच तो प्रश्न स्वप्नात शिरतो.

हे सगळं थोतांड नाही, याची खात्री मला एका प्रयोगामुळे पटली. रेम झोपेत, म्हणजे जिच्यात ठसठशीत स्वप्नं पडतात त्या झोपेत, शरीराचे स्नायू जवळजवळ लुळे असतात, पण डोळे हलतात. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात १९७५ साली संशोधक कीथ हर्न यांनी याचाच फायदा घेतला. ॲलन वर्स्ली या स्वप्न पाहणाऱ्याने आधी ठरल्याप्रमाणे झोपेतूनच डोळे डावी-उजवीकडे फिरवून इशारा दिला आणि तो यंत्रावर नोंदला गेला. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवलं.

मी वापरली ती पद्धत लाबर्ज यांचीच. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं आणि पहाटेकडे रेमचा वाटा वाढत जातो. म्हणून पाचेक तास झोप झाल्यावर उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं, वही वाचायची. परत आडवं होताना नुकतंच पडलेलं स्वप्न आठवून ‘इथे मला कळायला हवं होतं’ असं त्यात स्वतःला बघायचं, आणि ‘पुढच्या स्वप्नात हे स्वप्न आहे ते मला आठवेल’ असं घोकत झोपायचं. नुसता जप नाही, तसा इरादा हवा.

एकदा मधेच जाग आली तर अंग हलेना, छातीवर दडपण. आधी वाचलेलं नसतं तर भूतबाधाच वाटली असती. स्नायूंचा तो लुळेपणा जाग आल्यावरही काही क्षण टिकतो, एवढंच. शांत पडून राहिले, सुटलं.

आणि मग एका पहाटे परीक्षेचा हॉल. प्रश्न क्रमांक तीन वाचला, खिडकीकडे बघितलं, परत वाचला, तर भलताच प्रश्न. नाक दाबलं. श्वास सरळ आत गेला! इतका आनंद झाला की त्या आनंदानेच जाग आली. नवशिक्यांचं हे हमखास होतं. त्यावर उपाय म्हणजे स्वप्नातच हात एकमेकांवर चोळायचे आणि त्या स्पर्शावर लक्ष ठेवायचं.

पुढच्या खेपेला तसंच केलं, स्वप्न टिकलं. उडायला गेले तर जमिनीपासून वीतभर वर जाऊन तिथेच लोंबकळले. पर्यवेक्षकांना सांगितलं, “सर, हे स्वप्न आहे.” ते म्हणाले, “असू दे, पेपर द्यावाच लागेल.” स्वप्न कळणं वेगळं आणि ते आपलं ऐकणं वेगळं. मला तर पहिल्यातच जास्त मजा येते.

रात्री मधेच उठण्याने झोपेचा बोऱ्या वाजतो, म्हणून अलार्म आता फक्त सुट्टीच्या आदल्या रात्री. ज्यांची झोप मुळातच अपुरी आहे किंवा ज्यांना भास होण्याचा त्रास आहे, त्यांनी या नादी न लागलेलं बरं. वही मात्र रोज चालू आहे.